शक्य करणारी क्रियापदे : ‘अलाऊ’, ‘एनेबल’ आणि ‘एंटायटल’

आपल्या समाजातील मुले-मुली आज मोठ्या संख्येने उच्च शिक्षण घेत आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज, नोकरीसाठी पाठवावयाचे पत्र, परदेशी विद्यापीठाला द्यावे लागणारे स्वतःविषयीचे निवेदन, हे सारे त्यांना इंग्रजीतून लिहावे लागते. अशा लिखाणात एक वाक्य हमखास येते : अमुक गोष्टीमुळे मला तमुक करता आले. मराठीत हे वाक्य किती सोपे आहे! ‘शिष्यवृत्तीमुळे मला शिकता आले.’ ‘वसतिगृहामुळे शहरात राहता आले.’ ‘करता येणे’ या एका रचनेत आपले सगळे काम भागते. इंग्रजीत मात्र अलाऊ, परमिट, लेट, एनेबल, एंटायटल, एम्पॉवर, फॅसिलिटेट अशी क्रियापदांची रांगच उभी राहते. शब्दकोश उघडावा तर बहुतेकांपुढे ‘मुभा देणे, शक्य करणे’ असाच अर्थ दिलेला असतो. मग विद्यार्थी जो शब्द आधी आठवेल तो लिहून मोकळा होतो.

ही क्रियापदे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. प्रत्येक क्रियापद एका प्रश्नाचे उत्तर देत असते : ही गोष्ट शक्य झाली ती कोणाच्या मर्जीने, कोणाच्या बळावर, की कोणाच्या हक्काने? आपल्या चळवळीच्या इतिहासात हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहिलेला नाही, म्हणून उदाहरणे तेथूनच घेतो.

महाडच्या चवदार तळ्याचे उदाहरण पाहा. दि. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली व राखलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, अशी शिफारस त्या ठरावात होती. मूळ इंग्रजी ठरावातील क्रियापद ‘अलाऊ’ हे आहे. पुढे १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर परवानगी मिळाली. परंतु कोणी पाणी भरावयास गेले का? नाही. गावाचा धाक होता तसाच होता. म्हणजे ‘अलाऊ’ झाले होते, ‘एनेबल’ झाले नव्हते. दि. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे शिस्तीने तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्याली, ती संघटनेच्या बळावर. त्या दिवशीचे वाक्य इंग्रजीत लिहावयाचे तर संघटना हा कर्ता आणि ‘एनेबल’ हे क्रियापद शोभेल. नगरपालिका कर्ता करून ‘अलाऊ’ लिहिले तर इतिहासच उलटा होईल.

याच तळ्याच्या कथेत ‘अलाऊ’ या शब्दाचे दुसरे अंगही दिसते. जो परवानगी देतो तो ती काढूनही घेऊ शकतो. दि. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, कौन्सिलच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. डिसेंबरात स्पृश्यांनी दिवाणी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूमही मिळविला. आता प्रश्न परवानगीचा उरला नव्हता; अस्पृश्यांना तळ्यावर जाण्याचा हक्क आहे की नाही, हा तो प्रश्न होता. दि. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. हक्काच्या या प्रश्नाला इंग्रजीत क्रियापद आहे ‘एंटायटल’. परवानगीपासून हक्कापर्यंतची वाट चालावयास, १९२३ ते १९३७, चौदा वर्षे लागली.

‘एंटायटल’ या शब्दाच्या पोटात ‘टायटल’ आहे. जमिनीच्या किंवा घराच्या व्यवहारात ‘टायटल क्लिअर आहे का’ असे आपण सर्रास विचारतो, तेच हे टायटल. ज्याच्या नावे टायटल, त्याला कोणी ‘बरे, राहा’ असे म्हणावे लागत नाही. म्हणून नियमाने मिळणाऱ्या सवलतीविषयी कार्यालयास लिहिताना ‘प्लीज अलाऊ मी द फ्रीशिप’ असे लिहू नये. ‘आय अॅम एंटायटल्ड टू फ्रीशिप अंडर द रूल्स’ असे लिहावे. वाक्यात उद्धटपणा मुळीच नाही आणि वाचणाऱ्या कारकुनाला नियम आठवतो. मात्र एक पथ्य पाळावे. जेथे नियम नाही तेथे ‘एंटायटल्ड’ लिहिले तर ते हट्टीपणाचे दिसते. शुल्क भरण्यास मुदतवाढ मागावयाची असेल तर ती विनंतीच असते, तेथे ‘काइंडली अलाऊ मी टाइम’ हेच योग्य.

‘परमिट’ हा शब्द आपल्याला रिक्षाच्या परमिटमुळे ठाऊक आहे आणि त्या परमिटावरूनच त्याचा स्वभाव कळतो : अधिकृत कचेरी, अटी, मुदत, नूतनीकरण. ‘अलाऊ’पेक्षा तो अधिक औपचारिक आहे. उच्चारात एक गंमत आहे. नाम असेल तेव्हा जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तेव्हा दुसऱ्यावर. ‘लेट’ हा घरगुती शब्द. आई मुलाला खेळू देते तेव्हा ‘लेट’. त्याच्यानंतर ‘टू’ येत नाही : ‘शी लेट मी गो’. परंतु ‘अलाऊ’नंतर ‘टू’ हवाच : ‘शी अलाऊड मी टू गो’. आणखी एक, मला जाऊ दिले गेले अशा कर्मणी वाक्यात ‘आय वॉज लेट’ कोणी म्हणत नाही, ‘आय वॉज अलाऊड’ म्हणतात.

आता ‘एनेबल’. हा शब्द ‘एबल’ म्हणजे समर्थ, यापासून झाला आहे. परवानगीने फक्त आडकाठी दूर होते. ‘एनेबल’मध्ये साधन, पैसा, ज्ञान, बळ असे काही तरी हाती दिले जाते. बाबासाहेबांच्या शिक्षणाच्या हकिकतीत ही दोन्ही क्रियापदे शेजारी शेजारी ठेवता येतात. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१३ मध्ये त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. त्या पैशामुळे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकू शकले. येथे ‘द स्कॉलरशिप एनेबल्ड हिम टू स्टडी अॅट कोलंबिया’ असेच लिहावे. पुढे १९१६ मध्ये ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. त्या वेळी लंडन विद्यापीठाने, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. हे झाले ‘परमिटेड’ किंवा ‘अलाऊड’. परंतु त्या मुभेने बोटीचे तिकीट थोडेच निघते? सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ ते १९२० पर्यंत प्राध्यापकी करून त्यांनी पै पै साठविली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज त्यात पडले, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. विद्यापीठाने ‘अलाऊ’ केले. बचत, साहाय्य आणि कर्ज यांनी ‘एनेबल’ केले. विद्यार्थ्यांनी ही दोन वाक्ये लक्षात ठेवली तर या दोन क्रियापदांत पुन्हा गोंधळ होऊ नये असे मला वाटते.

येथे एक सांगितले पाहिजे. आजच्या इंग्रजीत निर्जीव कर्ता असेल तर ‘अलाऊ’ हा शब्द ‘एनेबल’च्या जवळ जातो. ‘द पास अलाऊज मी टू ट्रॅव्हल’ हे शुद्ध इंग्रजी आहे, त्याला चूक म्हणू नये. परंतु कर्ता माणूस किंवा संस्था असेल तेव्हा भेद एकदम स्पष्ट होतो. ‘माय टीचर अलाऊड मी टू स्पीक’ म्हणजे गुरुजींनी बोलण्यास परवानगी दिली; ‘माय टीचर एनेबल्ड मी टू स्पीक’ म्हणजे माझे भय घालवून, शब्द देऊन मला बोलते केले. ज्या शिक्षकांनी तुम्हाला बोलते केले, त्यांच्याविषयी ‘अलाऊड’ लिहिणे हा त्यांच्यावर अन्यायच होय.

आता मराठी वळणामुळे होणाऱ्या चुका. उत्तरपत्रिकांत आणि अर्जांत त्या पुन्हा पुन्हा आढळतात. ‘शिष्यवृत्तीमुळे शिकता आले’ या वाक्यात ‘मला’ गाळले तरी मराठी वाक्य अडत नाही. म्हणून आपली मुले ‘द स्कॉलरशिप एनेबल्ड टू स्टडी’ असे लिहितात. हे चालत नाही. ‘एनेबल’नंतर कोणाला, हे सांगावेच लागते : ‘एनेबल्ड मी टू स्टडी’. दुसरी चूक ‘मेड मी पॉसिबल टू स्टडी’ ही. याचा शब्दशः अर्थ ‘मलाच शक्य केले’ असा काही तरी होतो. शक्य झाले ते शिकणे, मी नव्हे. म्हणून ‘मेड इट पॉसिबल फॉर मी टू स्टडी’. त्यातील ‘इट’ला मराठीत जोडीदार नाही, म्हणून तो विसरला जातो, तो विसरू नये. ‘प्रोव्हाइड’ या क्रियापदापुढे वस्तू येते, क्रिया येत नाही. ‘प्रोव्हायडेड मी टू स्टे’ हे चूक. ‘प्रोव्हायडेड मी विथ अ रूम’ हे बरोबर. ‘फॅसिलिटेट’चेही तसेच. काम सुकर केले जाते, माणूस नव्हे : ‘फॅसिलिटेटेड माय अॅडमिशन’. या शब्दाचा एक जुळा भाऊ आपल्या कार्यक्रमपत्रिकांत फार गोंधळ घालतो. ‘फेलिसिटेट’ म्हणजे सत्कार करणे, ‘फॅसिलिटेट’ म्हणजे सोय करणे. गुणवंत विद्यार्थ्यांना आपण ‘फेलिसिटेट’ करतो. त्यांच्या पुढच्या शिक्षणाची सोयही लावून दिली तर दोन्ही शब्द वापरता येतील!

ज्यांना ही मोठी क्रियापदे भारी वाटतात त्यांनी साधे लिहावे. ‘बिकॉज ऑफ द स्कॉलरशिप आय वॉज एबल टू फिनिश माय डिग्री’ हे वाक्य कोणत्याही परीक्षकाला आवडेल. येथे ‘आय कुड फिनिश’पेक्षा ‘आय वॉज एबल टू फिनिश’ बरे, कारण एकदा प्रत्यक्ष घडलेली, तडीस गेलेली गोष्ट सांगताना इंग्रजीत ‘वॉज एबल टू’ वापरण्याचा प्रघात आहे. ‘कुड’ हे नेहमीच्या क्षमतेसाठी : ‘लहानपणी मला पोहता येत असे’ या धर्तीचे.

‘एनेबल’ शब्दाची खरी पारख करावयाची तर भारतीय संविधानाकडे वळावे लागते. प्रथम त्याचा विरुद्धार्थी शब्द पाहा : ‘डिसेबिलिटी’. आज हा शब्द अपंगत्व किंवा दिव्यांगत्व या अर्थी आपण ऐकतो. परंतु अनुच्छेद १७ मध्ये अस्पृश्यता नष्ट करताना, तीतून उद्भवणारी कोणतीही ‘डिसेबिलिटी’ लादणे हा गुन्हा ठरविला आहे. मराठीत त्यास ‘निःसमर्थता’ असा शब्द योजला गेला. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडातही विहिरी, तलाव, स्नानघाट, दुकाने, उपाहारगृहे यांच्या बाबतीत कोणाही नागरिकावर जात, धर्म इत्यादी कारणांवरून अशी निःसमर्थता असणार नाही असे म्हटले आहे. बोले ठरावातील ‘करू द्यावे’ याच्याशी हे ताडून पाहावे. पाणवठा तोच, पण भाषा किती बदलली! आता कोणी कोणाला मुभा देत नाही. मनुष्य मुळात समर्थ आहे, त्याला असमर्थ करणारा अपराधी आहे, असे हे वाक्य सांगते. १९२३ आणि १९५० यांमधील अंतर या दोन क्रियापदांत मोजता येते.

परंतु ‘एनेबल’ हा शब्द दिसला म्हणून लगेच हुरळून जाऊ नये. आरक्षणासंबंधीच्या अनुच्छेद १६(४) ची रचना काळजीपूर्वक वाचावी. मागास वर्गासाठी नेमणुकांत जागा राखून ठेवण्यास या अनुच्छेदातील कोणतीही गोष्ट राज्यास ‘प्रिव्हेंट’ करणार नाही, म्हणजे प्रतिबंध करणार नाही, असे तेथे आहे. अशा तरतुदीला वकील मंडळी ‘एनेबलिंग प्रोव्हिजन’ म्हणतात. वर्तमानपत्रात हा शब्द वाचून, ‘एनेबलिंग म्हणजे आपल्याला समर्थ करणारी’ अशी समजूत अनेकजण करून घेतात. येथेच वर सांगितलेला व्याकरणाचा नियम उपयोगी पडतो : ‘एनेबल’नंतर कोणाला, हे विचारावे. उत्तर आहे ‘राज्याला’. ही तरतूद राज्याला समर्थ करते. राज्याने ते सामर्थ्य वापरावे अशी सक्ती त्या शब्दात नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तराखंडातील बढत्यांविषयीच्या मुकेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. अनुच्छेद १६(४) व १६(४-अ) या सक्षम करणाऱ्या तरतुदी आहेत, पदोन्नतीत आरक्षणाचा मूलभूत हक्क कोणा व्यक्तीस नाही आणि आरक्षण देण्याचा आदेश राज्याला देता येत नाही, असे तो निकाल सांगतो. त्या निकालावर पुष्कळ वादंग झाले. निकाल पटो वा न पटो, सारा वाद ‘एनेबल’ आणि ‘एंटायटल’ या दोन क्रियापदांमधील अंतरावर उभा आहे, हे तरी आपल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी जाणले पाहिजे. निवेदन देताना किंवा मोर्चाच्या मागण्या इंग्रजीत लिहिताना आपण कोणते क्रियापद लिहितो याचा विचार त्यामुळे करावाच लागतो.

याउलट अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ मध्ये सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिला आपण जी. ओ. आय. म्हणतो, तिच्या उद्दिष्टांत विद्यार्थ्यांना शिक्षण पूर्ण करण्यास ‘एनेबल’ करणे असे म्हटले आहे. येथे कर्म विद्यार्थी आहे. म्हणून ही रक्कम वर्ष संपल्यावर हाती पडली तर योजनेच्या त्या क्रियापदाला काही अर्थ उरत नाही, असे म्हणण्यास आपल्याला पूर्ण जागा आहे.

धम्माच्या वाङ्मयातही हा विचार येतो. विनयपिटकात भगवान बुद्ध भिक्खूंना एखादी गोष्ट मान्य करतात तेव्हा ‘अनुजानामि’ हे पाली क्रियापद येते. इंग्रजी भाषांतरांत त्याजागी बहुधा ‘अलाऊ’ आढळते. नियम करणारा आणि शिथिल करणारा एकच असल्यामुळे ते योग्यही आहे. अवंती देशातील सोण कुटिकण्ण याची कथा तेथे आहे. उपसंपदेसाठी दहा भिक्खूंचा संघ लागे. अवंतीत भिक्खू थोडे, त्यामुळे दहाजण जमेपर्यंत सोणाला तीन वर्षे थांबावे लागले. ही अडचण त्याने बुद्धांच्या कानी घातली, तेव्हा सीमाप्रदेशात विनय जाणणाऱ्या भिक्खूसह पाच जणांच्या संघाने उपसंपदा देण्यास त्यांनी मान्यता दिली. क्रियापद ‘अलाऊ’चे, परिणाम मात्र ‘एनेबल’चा, कारण दूरच्या प्रदेशात संघ वाढणे त्यामुळे खरोखर शक्य झाले. प्रत्यक्षातील अडचण पाहून दिलेली परवानगी अशी असते. महाडची कागदी परवानगी आणि ही परवानगी यांत हा फरक आहे.

मज्झिम निकायातील गणक मोग्गल्लान सुत्तातही एक मार्मिक संवाद आहे. गणक ब्राह्मण विचारतो, आपण उपदेश करूनही सर्व शिष्य निब्बाणापर्यंत का पोचत नाहीत? बुद्ध त्याला उलट विचारतात : राजगृहाचा रस्ता तू दोघांना सारखाच समजावून सांगितलास, एक सुखरूप पोचला आणि दुसरा भलतीकडे गेला, तर त्याला तू काय करणार? तथागत मार्ग दाखविणारा आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मार्गदाता आणि मोक्षदाता हा जो भेद स्पष्ट केला, तो हाच. इंग्रजीत ‘एनेबल’चा अर्थ येथवरच पोचतो. चालण्याचे काम ज्याला समर्थ केले त्याचेच राहते. म्हणून ‘द कोचिंग एनेबल्ड मी टू प्रिपेअर वेल’ हे वाक्य चांगले. यश हमखास मिळेल असे सांगावयाचे असेल तर ‘एन्शुअर’ हे वेगळे क्रियापद आहे, आणि ते शिकवणी वर्गांच्या जाहिरातींखेरीज सहसा कोणी लिहू नये.

राहता राहिला ‘एम्पॉवर’. या शब्दात ‘पॉवर’ आहे, कुलमुखत्यारपत्राला आपण ‘पॉवर ऑफ अॅटर्नी’ म्हणतो त्यातली. कायद्याने एखाद्याला अधिकार सोपविणे हा त्याचा जुना, नेमका अर्थ : समितीला, अधिकाऱ्याला, कायदेमंडळाला ‘एम्पॉवर’ केले जाते. अलीकडे महिला सक्षमीकरण, युवक सक्षमीकरण अशा घोषणांत तो सैलपणे फिरतो. एका दिवसाच्या शिबिराने कोणी ‘एम्पॉवर’ होते काय? शिवणयंत्र देऊन शिवण शिकविली तर ‘एनेबल’ म्हणावे. बचत गटातील स्त्रीला खात्यावर सही करण्याचा अधिकार दिला तर तेथे ‘एम्पॉवर’ शोभते. आपल्या संस्थेचा इंग्रजी अहवाल लिहिणाऱ्यांनी प्रत्येक कार्यक्रमापुढे हा शब्द न लावता, त्या वर्षी कोणाच्या हाती नेमका कोणता अधिकार आला ते आधी पाहावे. शिबीर भरले असेल तर ‘वुई हेल्ड अ कॅम्प’ एवढे पुरते.